उजवा गुडघा

दवाखान्यात आपला नंबर कधी येतोय याची वाट बघत, दुखरं मनगट चोळत बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारच्या सासू-सुनेची कुजबुज पडत होती.

"अगं, आत्ता डाव्या पायाने लंगडलीस! उजवा ठरला होता ना?"

"आई, हळू बोला."

"माझे गुडघे खरेच दुखतात. मीच जाते आत."

"तुमच्या नावावर मागच्या वेळी गोळ्या नेल्या की."

"पण माझ्या लेकाचा खांदा तर कधीच बरा झालाय."

"खांदा बरा झालाय, गोळी सुटत नाही. सकाळी मिळाली नाही तर घामाने निथळतो, पोरीच्या अंगावर धावून जातो."

"मग तेच सांग डॉक्टरांना."

"आणि त्यांनी बंदच केल्या तर? त्याला सांभाळणार कोण, तुम्ही?"

"जन्म दिलाय मी त्याला!"

"तोच काल तुम्हाला ढकलून गेला."

नर्सने हाक मारली, तशी सून उजव्या पायाने लंगडत आत गेली. शिंपी अजून मनगटच चोळत होता तोवर ती बाहेरही आली, सरळ चालत.

"काय गं, पकडलं?"

"नाही."

"कोणता गुडघा, विचारलं?"

"मानसुद्धा वर केली नाही. खरं सांगणारच होते, आई. तोंड उघडलं होतं मी."

"मग?"

"'अजून दुखतंय ना?' म्हणाले, आणि जास्त ताकदीच्या लिहून दिल्या."

"अगं, मग लंगडत तरी ये बाहेर. कुणी बघितलं म्हणजे?"

"कोण बघतंय, आई?"

शिंप्याने मान खाली घातली.

"पुढचे!" नर्स म्हणाली.