वालेंती पुन्हा पाळीवर

सायलेशियातल्या आमच्या खाणकामगारांच्या गावच्या दवाखान्यात दोन म्हाताऱ्या माझ्या शेजारी बसल्या होत्या.

“ब्रोन्या, कबरस्तानात जमीन खचली म्हणे. तुझ्या नवऱ्याची, वालेंतीची कबर तर...”

“गेली ना खाली! थेट जुन्या जस्ताच्या खाणीत.”

“अगं बाई! शवपेटीसकट?”

“मग काय! आतून जस्ताचा पत्रा मारून घेतला होता. जस्त माहेरी पोचलं, नवरा कामावर.”

“आणि खाणवाले?”

“ते म्हणतात, खाण बंद आहे, खाली कोणीही नाही. फुप्फुसं गेल्यावर त्यांनीच त्याला बजावलं होतं, पुन्हा खाली उतरायचं नाही. ऐकलं कुठं त्यानं!”

“मग यंदा मृतांच्या सणाला मेणबत्ती कुठं लावणार?”

“खाणीच्या फाटकावर. त्याची पाळी सुटेपर्यंत तिथंच तर उभी असायचे मी.”