नवव्या दिवशी पावलं

नमिता : तेच सांगतेय मी, बाबाजीकाका. पोथी आता फडक्यात बांधा. नऊ दिवस झाले, आई भाताला शिवलेली नाही. नुसत्या चहावर आहे. समोर गरुडपुराण चालू असताना तिच्या घशाखाली घास उतरणार कसा?

बाबाजी : पोथी काय रेडिओ हाय व्हय पोरी, कान पिळला की बंद? चाळीस वर्षं या खाडीकाठच्या खारात मयताच्या घरी मीच वाचतोय. तुझ्या आज्याला मी वाचली, आजीला मी वाचली. उघडलेलं गरुडपुराण अर्ध्यात सोडत नाय. तो पाट तुला रिकामा दिसतो. तुझा बाप बसलाय त्याच्यावर. हिरामण ऐकतोय.

नमिता : काय ऐकतायत बाबा? उकळत्या कढया आणि रक्ताची नदी? सगळा जन्म मिठागरात पाय भाजून घेतले त्यांनी, मेल्यावर पुन्हा तेच? त्यापेक्षा गीता वाचा. रोह्याला शाळेत मी मुलांना शिकवते ती. त्यात किती सरळ सांगितलंय. शरीर सुटलं की आत्मा मोकळा. त्याला पाणी बुडवत नाही, ऊन लागत नाही.

बाबाजी : रोह्याला नोकरी लागली की माणूस गीता धरतो, आणि कासूला गाडीतून उतरून बांधावर आला की त्याला गरुडपुराणच लागतं. अगो, गीता सांगितली ती उभ्या माणसाला. तो जिता होता, हातात हत्यार होतं, त्यानं काय करायचं एवढाच प्रश्न होता. आणि हे हाय आडव्या झालेल्याचं. त्याची करणी करून झाली. आता पुढं वाट कशी, ते त्याला कोणी सांगायचं?

नमिता : मग दोघांचं जमत नाही. गीतेच्या हिशेबानं बाबा गेले. तुमच्या पोथीच्या हिशेबानं पाटावर बसलेत. उपनिषदाला विचारलं तर ते म्हणेल, कोणी आलंच नाही आणि कोणी गेलंच नाही. एकाच माणसाच्या तीन गोष्टी कशा?

बाबाजी : हे तू मला आधी पण विचारलं होतंस.

नमिता : हो, सर्वपित्रीला, रोह्याच्या तुमच्या प्रवचनात. तेव्हाही तुम्ही नीट उत्तर दिलं नव्हतंत. उपनिषदात बघा, एक मुलगा सरळ यमाच्या घरी जातो. यम घरात नसतो. मुलगा तीन दिवस दारात उपाशी बसतो. परत आल्यावर यम काय करतो? कढईत टाकत नाही. क्षमा मागतो त्याची.

सगुणा : यमानं माफी मागितली?

नमिता : आई, तू उठलीस कशाला? पड ना जरा.

सगुणा : यमानं पोराची माफी मागितली, असं म्हनलीस ना?

नमिता : हो. पाहुणा आपल्या दारात उपाशी राहिला म्हणून.

सगुणा : बरं हाय. लक्षात ठेवते. आता जरा इकडं ये. पीठ बघ.

बाबाजी : पीठ दहाव्याला बघतात, सगुणा. दिव्यापाशी पसरायचं, टोपली झाकायची, सकाळी ठसा बघायचा. चिमणीचा उठला तर चिमणीचा जल्म, माणसाचा उठला तर माणसाचा. आज नववा.

सगुणा : मी पहिल्या दिवसापासनं पसरते. मला कळायला पाहिजे होतं तो गेला की नाय. आठ दिवस पीठ जसंच्या तसं. आज टोपली काढली, तर पाय.

बाबाजी : मांजर असंल.

सगुणा : मांजराला एवढा पंजा? डाव्या पायाची करंगळी नाय बघ, दादा. फावड्याखाली गेली होती ती. तूच त्याला बैलगाडीत घालून पेणला नेला होतास.

नमिता : आई, रागावू नकोस. तू स्वतःच झोपेत…

सगुणा : हा माझा पाय. मोज बोटं.

नमिता : पीठ घट्ट झालंय. ओलं होऊन वाळल्यासारखं. कडेला पांढरं काय धरलंय हे?

सगुणा : चाटून बघ.

नमिता : मीठ आहे.

सगुणा : बाबाजीदादा, तू पोथीतलं सांग. पहिल्या दिवशी वाचलंस, पिंड देतात त्यानं मेलेल्याला नवं अंग येतं. रोज थोडं थोडं. मी ध्यान देऊन ऐकत होते. पहिल्या दिवशी डोकं.

बाबाजी : व्हय. दुसऱ्याला मान न् खांदे. तिसऱ्याला काळीज. असं चालतं खालपर्यंत.

सगुणा : आणि नवव्याला?

बाबाजी : लिहिलेलं असतं ते सगळं धरून बसायचं नसतं, सगुणा.

नमिता : काका, मघाशी तर अर्ध्यात सोडत नाही म्हणत होतात. नवव्या दिवशी काय येतं?

बाबाजी : पाय.

नमिता : आणि उद्या?

बाबाजी : उद्या भूक लागते. भूक आणि तहान.

सगुणा : तो जेवता जेवता उठून गेला होता, नमिता. दोन घास पोटात, तिसरा हातात. आणि त्याला उठवला मी. दारात बघते तर दांडा. आपल्याकडं रीतच हाय, उघाडीचा दांडा ज्याच्या दाराला टेकलेला, त्याची त्या दिवशीची पाळी. भरती चढायच्या आत जाऊन उघाडीची, बांधातल्या पान्याच्या दाराची, फळी पाडायची, म्हंजे खारं पानी शेतात येत नाय. मी वरडले त्याला. अमावास्येचं उधाण हाय, दांडा दारात, आणि तू भुरके मारत बसलास? तो म्हनला, पाळी उद्या हाय गो. मी म्हनलं, दांडा काय खोटं बोलतो? मंग उठला. हात पन धुतला नाय.

नमिता : आई, पुरे. तुझी काय चूक त्यात?

सगुणा : माझी चूक मी धरून बसलेय, म्हनून तर गिळत नाय. फळी पाडायच्या आधीच उधाण चढलं, न् ओहोटीला तिवरांत मेलेला गावला तो, दांडा हातात घट्ट. आणि गाव काय म्हनतं? हिरामण पाळी विसरून झोपला, बावीस घरांच्या भातात खारं पानी गेलं. कणसं धरली होती. उद्या दहाव्याला खाडीवर कोन येनार नाय. गिरजाबाईनं तोंडावर सांगितलं. एवढ्या माणसांचा शाप घेऊन तो कसा जाईल? कुठं जाईल?

बाबाजी : येतील. मी सांगतो त्यांना. मयताशी कोणी वैर धरत नाय.

सगुणा : दादा, पायांची बोटं कुठं वळलीत बघ.

नमिता : पोथीकडे.

सगुणा : नीट बघ.

नमिता : काका बसतात त्या चटईकडे.

बाबाजी : खिडकी लावा गो जरा. पाण्याचा आवाज येतोय.

नमिता : मला नाही येत.

बाबाजी : आज अष्टमी. भांगाचं पाणी. खाडी उघाडीच्या उंबऱ्याला पण लागत नाय आज. आणि हा आवाज तर फळीखालून पाणी घुसल्याचा हाय. भर दुपारी. सगुणा, तुला येतो?

सगुणा : नऊ दिवस येतोय. तुला आज आला.

नमिता : काका, पोथी तिरकी झालीय. पानं सांडतील, द्या इकडे. हे वरचं पान कुठलं? यावर पिठाचा अंगठा उठलाय.

बाबाजी : ते खाली घाल. गठ्ठ्याच्या तळाला घाल.

नमिता : वर कोणी ठेवलं?

बाबाजी : तूच ठेवतेस ना? तिसऱ्या दिवसापासनं रोज फडकं सोडलं की तेच पान वर. मी म्हटलं, मास्तरीणबाई मला शिकवते. रोज तळाला घालतो, रोज सकाळी वर येतं.

नमिता : मी तुमच्या पोथीला हातसुद्धा लावलेला नाही. मला वाटलं, तुम्ही खूण म्हणून काढून ठेवता. थांबा. हे पान तुम्ही वाचलंच नाहीत. चौथ्या दिवशी नदीपर्यंत आलात आणि एकदम यमाच्या सभेत गेलात.

बाबाजी : बायामाणसं होती समोर. सगळंच वाचत नाय मी.

सगुणा : काय हाय गो त्याच्यावर?

नमिता : कोणत्या पापानं त्या नदीत पडायला होतं, त्याची यादी आहे. मराठीत अर्थ दिलाय. दुसऱ्याचं शेत बुडवलं. साठवलेल्या पाण्याचा बांध मोडला. आपल्या पापाचा आळ दुसऱ्यावर जाऊ दिला. अंगठा इथंच आहे, या ओळीवर.

सगुणा : दादा.

बाबाजी : तळाला घाल म्हटलं ना ते.

सगुणा : पाळी उद्या हाय, असं तो म्हनला होता. दांडा खोटं बोलला का, दादा?

बाबाजी : पाळी माझी होती.

नमिता : काय?

बाबाजी : सर्वपित्रीची पाळी माझी. दुसऱ्या दिवसाची हिरामणची. मला सकाळी रोह्याला प्रवचनाला जायचं होतं. म्हटलं दहाच्या गाडीनं परत येईन, भरतीच्या आत फळी पाडीन. आणि नायच जमलं तर… म्हणून जाता जाता दांडा तुमच्या दाराला टेकवला. हिरामण बघून घेईल. हाक मारली असती तर चार पावलांचं काम होतं. पण मला सांगायची लाज वाटली. म्हणाला असता, आपला धर्म सोडून लोकांना धर्म सांगायला चाललास? चेष्टेत म्हणाला असता. तरी लागलं असतं मला.

नमिता : तुमचं प्रवचन तर साडेनऊला संपलं होतं. मी होते तिथं.

बाबाजी : संपलं होतं. मी चपला पण घातल्या होत्या. मग तू उठलीस. गीता मोठी का गरुडपुराण, मला एक सांगा, म्हणालीस. मी परत बसलो. माणसं पुढं सरकली. अर्धा तास बोललो. नेमून दिलेलं काम न चुकवणं हीच पूजा, असलं बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी गेली.

नमिता : माझ्या प्रश्नानं?

बाबाजी : तुझ्या नाय. माझ्या टाळ्यांनी. संध्याकाळी गावात आलो तर लोक म्हणत होते, दांडा हिरामणच्या दारात होता, पाळी त्याचीच. मी तोंड उघडणार होतो, खरंच सांगतो. उद्या सांगू म्हटलं. मग तुम्ही पोथीला बोलावलंत.

नमिता : आणि तुम्ही आलात. ज्यांना मारलंत त्यांच्यासमोर बसून नऊ दिवस त्यांना पापं वाचून दाखवलीत.

बाबाजी : वाटलं, वाचून फिटेल. पण तो पहिल्या दिवसापासनं ऐकत नव्हता गो. बघत होता. तो पाट मी चाळीस वर्षं दाखवत आलो लोकांना, त्याच्यावर कोणी बसलेलं मी कधी मानलं नव्हतं. या घरात मानायला लागलो.

नमिता : बाबांसाठी गीता मागत होते मी. त्यांना गरजच नव्हती. आणि तुमचं गरुडपुराणही त्यांच्यासाठी नव्हतं.

सगुणा : ते समोर बसलेल्या जित्या माणसांसाठी असतं. मला मेलीला नवव्या दिवशी कळलं. दादा, यमानं माफी मागितली म्हनते ही.

बाबाजी : मागतो. तुझ्या पायावर डोकं ठेवतो, सगुणा.

सगुणा : मला नको. मी पन त्याला ताटावरनं उठवलाय, मी कोनाला माफी देऊ? जा, बावीस घरं हायत. एकेका दारात उभा राहा न् सांग, पाळी कोनाची होती.

बाबाजी : उद्या खाडीवर सांगतो. सगळ्यांना बोलावतो, एकदमच…

सगुणा : उद्या त्याला भूक लागंल. आजच जा. दांडा त्या कोपऱ्यात हाय, तो हातात घे. दांडा दिसला की लोक ऐकतील.

बाबाजी : आधी हे पान वाचून जातो. माझं हाय ते.

(बाबाजी ते पान मोठ्यानं वाचतो. दोनदा तो पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो आणि पुन्हा तीच ओळ पहिल्यापासून घेतो. वाचून झाल्यावर पोथी फडक्यात न बांधता तशीच ठेवतो. उठताना त्याचा पाय पिठात पडतो. दांडा घेऊन तो उन्हात बाहेर पडतो.)

नमिता : गेले. पहिल्यांदा गिरजाबाईच्याच दारात उभे राहिलेत. ती ओरडतेय त्यांच्यावर.

सगुणा : वरडू दे. आवाज थांबला का गो पान्याचा?

नमिता : मला तो येतच नव्हता, आई.

सगुणा : थांबला.

नमिता : आई, काका एकटेच गेले ना इथून?

सगुणा : का?

नमिता : दारापर्यंत पिठाची पावलं गेलीत. दोन माणसांची आहेत. बरोबरीनं.

सगुणा : डावा पाय बघ.

नमिता : चार बोटं.

सगुणा : मंग तो पाट उचल. आणि माझं ताट वाढ.