विहिरीवरचा पेरू

भानामतीचं नाव निघालं की मला आमचा पेरूच आठवतो. लातूर जिल्हा नवीनच झाला होता, त्यात दुष्काळ. जळकोटकडच्या आमच्या गल्लीत पाणी फक्त आमच्या विहिरीला. तिच्यावरच झुकलेल्या पेरूला फळमाशी लागली. औषध मारावं तर ते पाण्यात पडणार. म्हणून मायनं जुनी पांढरी धोतरं फाडून एकेक फळ काळ्या दोऱ्यानं बांधलं.

सकाळी पाण्याला एकही बाई आली न्हाई. थोड्या वेळानं अख्खी गल्ली काठ्या घेऊन दारात. म्हातारे शिवलिंगप्पा मायला म्हणाले, "पाण्यावर भानामती करायलीस का गं?"

मी एक पोटली सोडली. आत पेरू, एक भोक न्हाई. तिथंच सगळ्यांसमोर खाल्ला. अप्पा हसले, काठ्या खाली झाल्या, बायांनी पाणी भरलं.

सगळे गेल्यावर माय हळूच म्हणाली, "शेंड्याला ते लाल फडकं कुणी बांधलं रे? आपण तर धोतरंच फाडली."

ती लाल पोटली आम्ही सोडली न्हाई. पाणी मात्र तेच पीत राहिलो. दुसरं होतं कुठं?