बाळ्याने नाव घेतलं

आमच्या पेणच्या बाळ्याचा एक वाढदिवस इथिओपियन जेवणावर झालाय, सांगितलं तर लोक हसतात.

झालं असं, अष्टमी गावच्या सुधीरला कंपनीने आदिस अबाबाला पाठवलेलं. परत आला तो तिकडचा मसाला घेऊनच. नाचणीचं पीठ आंबवून त्याने परातीएवढी आंबोळी काढली, तिच्यावर मसुरीची लालभडक आमटी आणि कोंबडी ओतली, आणि बाळ्याच्या वाढदिवसाला आम्हा मित्रांना त्या एका परातीभोवती बसवलं.

बाळ्या म्हणाला, "ताटं कुठायत?"

"तिकडं सगळे एकातच जेवतात. आणि एकमेकांना घास भरवतात. नाय म्हटलं तर अपमान," सुधीर म्हणाला, आणि त्याने लिंबाएवढा घास बाळ्याच्या तोंडात कोंबला. बाळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग परतफेड म्हणून त्यानेही घास उचलला.

तेवढ्यात सुधीरची आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "थांब. नाव घेतल्याशिवाय घास भरवायचा नाय."

"आई, ही तिकडची रीत हाय," सुधीर म्हणाला.

"घर अष्टमीत हाय."

चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा बाळ्या. घास हातात, आमटी कोपरापर्यंत. एवढं लाजताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. शेवटी खाली मान घालून म्हणाला,

"आंबोळी झाली आंबट, आमटी झाली तिखट,
सुधीररावांचं नाव घेतो, जेवण मिळालं फुकट."

आम्ही हसून आडवे. सुधीरची बायको तेवढी हसली नाय. तिने खरकटी पातेली आणून बाळ्यासमोर ठेवली.

"नाव घेतलंत ना भावोजी? मग आजपासून भांडीपण तुमचीच."