हशाची जागा

तुम्ही हसता गं, पण सिरीयलमध्ये मी करते त्या खाष्ट काकूने माझ्या मुलाचं, निलेशचं लग्न जवळजवळ मोडलंच होतं.

कॉमेडीत प्रेक्षकांचा हशा नंतर एडिटिंगला टाकतात. म्हणून आपण वाक्य बोललो की भुवई उडवायची आणि तीन सेकंद गप्प राहायचं. हशाला जागा सोडायची. बारा वर्षं हेच केल्यावर सवय अंगातच भिनते.

तर निलेशला बघायला माहीमची मंडळी मुलीला घेऊन आमच्याकडे लालबागला आली. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलाला काही व्यसन वगैरे?"

मी म्हटलं, "छे हो, सुपारीसुद्धा खात नाही." आणि भुवई वर. तीन सेकंद गप्प.

त्यांचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबला. "नोकरी पर्मनंट आहे ना?"

"एकदम पर्मनंट." पुन्हा भुवई.

"आधी कुठे काही जमलेलं?"

"आमचा निलेश? मुलींकडे मान वर करून बघत नाही हो." परत भुवई!

निलेश घामाघूम. वडील "आम्ही कळवतो" म्हणत उठले आणि चपला शोधायला लागले. तेवढ्यात मुलगी खो खो हसत सुटली. "बाबा, बसा हो! सिरीयलमधल्या काकू आहेत, हशासाठी थांबतायत!"

झालं लग्न. परवा शेजारणीने माझ्यासमोरच सुनेला विचारलं, "काय गं, सासू कशी आहे?"

"खूप प्रेमळ आहेत," सून म्हणाली. आणि भुवई उडवून तीन सेकंद गप्प बसली.