शुरोचा स्वेटर

...वाजत नाही हो त्याला थंडी! किती वर्षं ओरडतेय, तुम्हाला सांगते, घसा बसला माझा, पण आमच्या ह्यांच्या डोक्यात शिरेल तर शपथ! शुरो आहे तो, आमच्याच किशूच्या डोंगरातला माड, बर्फ पडला तरी ढिम्म उभा, आणि हे? जरा गारठा पडला की पेंढा काय, जुनी रजई काय, गेल्या साली तर माझा लोकरी कमरपट्टा! म्हटलं, अहो, कंबर माझी धरलीय आणि तुम्ही झाडाला गुंडाळताय? तर म्हणतात कसे, "कियोनो, तू वेशीवरच्या जिझोला टोपडी विणून घालतेस ना? तो तर दगडाचा आहे!"

आता जिझो म्हणजे देव, लेकराबाळांना सांभाळणारा... पण ह्यांच्याशी कोण वाद घालणार?

बरं, झाड कुठे? नेमकं माझ्या वाळत घालायच्या काठीपुढे! पाखरानं बी टाकलं, ह्यांनी लाड केले, आणि तीस वर्षं माझे लोणच्याचे मुळे सावलीत वाळताहेत... वाळताहेत कसले, कुजताहेत!

आणि मध्यंतरी डोंगरावरच्या देवळातले स्वामी आले हो चहाला. घंटेवर आपटायचा, दोरानं टांगलेला लाकडी सोट फुटलाय म्हणे, महिनाभर घंटा मुकी, आणि सोट शुरोचाच लागतो, मऊ असतो ना, नाद गोड येतो. बोलता बोलता नजर खिडकीबाहेर. "शिगेकाझू, काय सरळ वाढलाय हो तुमचा!"

मी मनातल्या मनात नाचतेय, ऊन, ऊन! हे मात्र चहा हातात धरून झाडाकडे बघताहेत. चहाचं पार पाणी झालं. शेवटी म्हणाले, "न्या. देवळाला नाही कसं म्हणू? पण स्वामी... वर डोंगरावर थंडी फार असते ना?"

वाजत नाही हो त्याला थंडी!

तोडला. मुळे कडकडीत वाळले. आणि मी मेली त्या उन्हात उभी राहून रडतेय! झाडासाठी! मी!

मग एका सकाळी घंटा वाजली, ठण्णऽऽ... ह्यांनी भाताचा वाडगा खाली ठेवला. "ऐकलंस? आपला बोलतोय." रोज तेच! सात दिवस भात गार.

आठव्या दिवशी बर्फ पडला. सकाळी कान देऊन बसलो, तर... भप्प. पुन्हा, भप्प! मी ह्यांच्याकडे बघतेय, हे सूपाच्या वाटीत बघताहेत, आणि खुंटीवरचा ह्यांचा निळा स्वेटर गायब! तेवढ्यात स्वामींचा फोन. "वहिनी, आमच्या सोटाला बाह्या फुटल्यात!"

म्हटलं, अहो, किती वेळा सांगू, त्याला थंडी... आणि बघते तर ह्यांचे डोळे भरलेले. झालं!

मग काय करणार, सांगा? लोकर काढली, बसले सोटाचा स्वेटर विणत. हातभर विणून झालाय, अजून दोन हात लांबी बाकी. बाह्या नाहीत. आणि घंटेकडचं टोक तेवढं उघडं ठेवलंय.