ओट्याखालचं कपाट

मेहकरच्या स्टँडवर जानेफळच्या एसटीची वाट पाहत शकुंतलाबाई गुरुवारचा अध्याय मनातल्या मनात म्हणत होत्या. शेजारच्या बाकावरच्या मायलेकांचं बोलणं कानी आलं आणि ओवी अर्ध्यातच राहिली.

"माय, सिंकखालचं कपाट पार सडलं. प्लायमध्ये बोट जाऊन राह्यलं. तुले वास नाही आला?"

"आला ना."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"पाइप गळे तिथं भगुनं ठेवलं होतं. रोज सकाळी रिकामं करत जाओ."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

"अवं, प्लंबरचं दहा मिनिटाचं काम होतं."

"त्यानं कपाट काढा म्हटलं असतं, अश्वजित. तुह्या बाबायनं सुट्ट्यायमध्ये बसून केलं ते. म्या बॅटरी धरली होती."

"अन् शिव्या खाल्ल्या होत्या."

"हाव. उजेड त्यायच्या डोळ्यावरच जाये."

"आता काढाच लागते, माय. भिंतीले बी ओल आली."

"काढ बाप्पा. मी कुठं नाही म्हणते."

मायनं पदर सारखा केला, उगाच पिशवीत हात घालून काहीतरी चाचपलं. लेकानं सुताराला फोन लावला.

"हाव दादा, उद्या या. समदं नवंच करा. फक्त दार पहिल्यासारखं उलट्या बाजूनं उघडू द्या... नाही, चूक नव्हती ते. बाबा डावखुरे होते आमचे... हाव, लागते ना गुडघ्याले. पण आमच्या घरी समद्यायले पाय बाजूले घ्यायची सवय हाय."